बंद क्वार्टरचा बगीचा

शालू,

तू काढलेलं चित्र सध्या मेघाच्या खोलीतल्या पलंगावर आडवं ठेवलं आहे. आधी भिंतीला टेकवलं होतं, पण पंख्याच्या वाऱ्यानं ते जरासं सरकलं असं मला वाटलं, म्हणून उचलून पलंगावर ठेवलं. मग वाटलं, कोणी न पाहता त्याच्यावर बसलं तर? म्हणून चारी बाजूंनी उशा लावल्या. आता दर तासा-दोन तासांनी जाऊन पाहून येतो. आज सकाळी मेघा म्हणाली, "पप्पा, पेंटिंग कुठं पळून नाही जात." मी म्हटलं, "भिंतीले ओल आहे, वाळवी आहे, तुले काय माहीत." तिच्या तोंडावर तुझाच भाव होता. मी गॅसचं बटण तिसऱ्यांदा पाहायला उठलो की तुझ्या तोंडावर यायचा तो.

तू जाऊन अठरा दिवस झाले. तेराव्याला आलेले पाहुणे गेले. गोंदियाची मंडळी गेली, तुझी नागपूरची ताई गेली. आता घरात मी आणि मेघा. परवा तीही हैदराबादला जाईल. तुला पत्र लिहायची मला सवय नाही. लग्नानंतर तू बाळंतपणाला माहेरी होतीस तेव्हा दोन पत्रं लिहिली होती, आणि दोन्हींत मी फक्त काय काय करू नकोस ते लिहिलं होतं. जिना उतरताना धावू नको. विहिरीजवळ जाऊ नको. तू ती पत्रं ताईला वाचून दाखवलीस आणि दोघी खूप हसलात, हे मला ताईनं परवा सांगितलं. बोलताना मी तुला 'तुले' म्हणायचो आणि लिहितो आहे 'तुला'. मास्तरांनी हाताला लावलेली सवय आहे, मनावर घेऊ नको.

मी प्लांटमध्ये सेफ्टीत नोकरी केली, हे तू प्रत्येकाला माझी तक्रार म्हणून सांगायचीस. "तिकडे टोपी घाला, पट्टा बांधा करत दिवसभर फिरतात, आणि घरी येऊन मले पट्टा बांधतात." लोक हसायचे, मीही हसायचो. पण तुला एक विचारतो. आपण नवीन नवीन प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टरात राहायला आलो, तेव्हा तू घाबरायचीस ना? प्लांटकडचं आभाळ संध्याकाळी एकदम लाल झालं तर तू पोळी तव्यावर टाकून धावत बाहेर आली होतीस. "आग लागली जी!" मी तुला समजावलं, लोखंडाच्या भट्टीची तापलेली मळी ओतली की असं होते, हे रोजचं आहे. दोन महिन्यांत तू ते आभाळ पाहत भांडी घासायला लागलीस. तुझी भीती गेली आणि माझी कुठून आली, ते मला कळलं नाही. बहुतेक मेघा झाली तेव्हा. किंवा रिटायर झालो तेव्हा, कारण मग डोळे ठेवायला तूच एक उरलीस.

माझ्या रिटायरमेंटनंतर तू शिखा दीदींच्या चित्रकलेच्या क्लासला जायला लागलीस. मी म्हटलं होतं, या वयात? तू म्हणालीस, "तुमचं रिटायरमेंट झालं, माझं तर झालंच नाही. मीच देऊन टाकते मले." पहिल्या वर्षी तू वांगी काढलीस, सुरई काढलीस, माझे जोडे काढलेस. मग एक दिवस दीदींकडून आलीस ती वेगळीच. त्यांच्याकडे कुठल्याशा परदेशी चित्राची छापील प्रत होती. त्यात एक मोडकं फाटक, आणि सगळा बगीचा रानासारखा वाढून त्याच्यावर आलेला. तू म्हणालीस, "दीदी म्हणत होत्या, याले रोमँटिक लँडस्केप म्हणतात." मी म्हटलं, "रोमँटिक? त्यात जोडपं तर कुठं दिसून नाही राहिलं." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला, आणि मी लगेच पाणी आणायला धावलो. मग पदरानं डोळे पुसत म्हणालीस, "माणूस निघून गेल्यावर झाडं काय करतात, ते आहे त्यात. आपल्या शेजारीच तर आहे ना."

शेजारी म्हणजे नायर साहेबांचं क्वार्टर. ते केरळला निघून गेले त्याला किती वर्षं झाली. तेव्हापासून ते बंद. त्यांच्या बायकोनं लावलेली मधुमालती घराच्या छपरावरून जाऊन पलीकडे उतरली होती. मेंदीचं कुंपण माणसाच्या डोक्याच्या वर. मुनगा, सीताफळ, जांब, कशाला धरबंद नाही. मधे सिमेंटचा बाक होता, तोही वेलाखाली अर्धा बुडालेला, आणि सगळीकडे घाणेरी. मी त्या कुंपणाशेजारून जाताना नेहमी पाय आपटत जायचो.

तू तिथं खुर्ची टाकलीस. रोज सकाळी कामं आटोपून, कॅनव्हास आणि रंगाची पेटी घेऊन, त्या गंजलेल्या फाटकातून आत. मी सांगितलं, फोटो काढ मोबाईलवर आणि घरी बसून काढ. तू म्हणालीस, "फोटोत हिरवा एकच दिसते. तिथं मी मोजले, सात आहेत."

मी काय काय म्हटलं ते सगळं आठवतं. विंचू. गांधीलमाशा. डेंगूचे मच्छर. छपराचं प्लास्टर अंगावर पडेल. तू म्हणायचीस, "हो जी," आणि जायचीस. मी ओसरीत पेपर घेऊन बसायचो, आणि एक पान वाचून व्हायच्या आत कुंपणाशी यायचो. "शालू?" "आहे जी." पुन्हा थोड्या वेळानं, "शालू?" एकदा तू उत्तर दिलं नाहीस आणि मी चपला न घालता आत धावलो. तू बाकाकडे पाहत बसली होतीस. म्हणालीस, "ऊन आत्ता बरोबर त्या पानावर आलं होतं. बोलली असती तर गेलं असतं."

मग तो साप निघाला. समोरच्या साहूजींनी पाहिला, डोमी नाग होता म्हणाले, नायर साहेबांच्या कुंपणातून निघून रस्ता ओलांडून नालीत गेला. मी तुला सांगितलं तेव्हा तू वरण फोडणीला टाकत होतीस. "त्याच्या कामानं गेला असेन," म्हणालीस.

"शालू, मी मजाक नाही करून राहिलो."

"मी कुठं मजाक करून राहिली? तो तिथं राहते. मी घंटा दोन घंटे जाते. आम्हा दोघांची काही तक्रार नाही."

"आता नको जाऊ तिथं."

"थोडंसंच राहिलं आहे. दिवाळीपर्यंत होते."

त्यानंतर आपण तीन दिवस तोच वाद घातला. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "तुम्ही मले वाचवून वाचवून ठेवून द्याल एखाद्या दिवशी, कपाटात." ते मला लागलं. तो वाद तिथंच राहिला आहे, शालू, अजून.

त्याच आठवड्यात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तू आठ दिवसांसाठी नागपूरला गेलीस. तू नसताना मी बगीचा साफ करून घेतला. दोन मजूर आले, एकाकडे गवत कापायचं मशीन होतं, दुसऱ्याकडे कुऱ्हाड. घाणेरी गेली. मेंदी गुडघ्याइतकी केली. सीताफळ तोडलं. मधुमालतीचं खोड माझ्या मनगटापेक्षा जाड होतं, ते मुळाशी कापलं आणि वरचा सगळा वेल दोघांनी मिळून दोरीसारखा ओढून छपरावरून खाली पाडला. खाली आला तेव्हा त्यात तीन घरटी निघाली, रिकामीच होती. साप निघाला नाही. मी बाक स्वतः घासून धुतला. वाटलं, आता शालू इथं निवांत बसेल. खरंच असं वाटलं मला. कुठेही न दचकता मी त्या बाकावर पाच मिनिटं बसलो.

तू आलीस त्या सकाळी मी तुला स्टेशनवरून घेऊन आलो आणि पिशव्याही आत नेऊ दिल्या नाहीत. "चल, तुले काही दाखवतो." तू माझ्या मागे आलीस. फाटकापाशी थांबलीस. मी म्हणालो, "पाह, आता कशाची भीती नाही."

तू बराच वेळ पाहत राहिलीस. मग विचारलंस, "किती वेळ लागला?"

"दोन दिवस."

"दोनच दिवस," तू म्हणालीस, आणि पिशवी घेऊन घरात गेलीस.

मला वाटलं होतं तू भांडशील. मी तयारीत होतो. सापाचं सांगणार होतो, साहूजींना साक्षीला आणणार होतो. तू भांडलीच नाहीस. चहा केलास, ताईच्या डोळ्याबद्दल सांगितलंस, कॅनव्हास उचलून कपाटाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलास. मी दोन-चार दिवसांनी विचारायचो, "रागावली का?" तू म्हणायचीस, "कायले रागावू? भाजी कोणती करू सांगा." तुझ्या बोलण्यात कुठेच काही सापडेना. चाळीस वर्षं मी तुझ्या पावलांच्या आवाजावरून सांगायचो आज काय बिनसलं आहे. त्या हिवाळ्यात मला काही ऐकू येईना. रात्री झोप लागायची नाही असं नव्हतं, पण दुपारी जेवताना घास हातात राहायचा. वाटायचं, हिनं आत काहीतरी बंद केलं आहे आणि किल्ली कुठं ठेवली ते मला कधी सांगणार नाही.

उन्हाळ्यात तुझा दम वाढला. डॉक्टरांनी हृदय अशक्त आहे म्हणून सांगितलं. तू बाहेर येऊन म्हणालीस, "आता याचीही काळजी करा, कमी होत्या नाही तर." मी गोळ्यांच्या डब्याला दिवसांच्या चिठ्ठ्या लावल्या. तुझा श्वास मोजायला शिकलो. तू झोपलीस की मोजायचो.

मग पाऊस झाला, आणि नायर साहेबांचा बगीचा परत उठला. मला विश्वास बसेना. जिथं मी सगळं मुळापर्यंत कापलं होतं, तिथं भाद्रपदात कमरेपर्यंत रान. एका सकाळी तू कपाटामागचा कॅनव्हास काढलास, फडक्यानं पुसलास, आणि मला म्हणालीस, "खुर्ची नेऊन देता का? मले आता उचलत नाही."

मी एक शब्द बोललो नाही, शालू. डोमी म्हटलं नाही, मच्छर म्हटलं नाही. खुर्ची नेली, तुझ्यासाठी एक, माझ्यासाठी एक. थर्मास नेला, गोळ्या नेल्या, काठी नेली. पहिल्या दिवशी मी दर मिनिटाला काठी जमिनीवर आपटत होतो. तू वळून म्हणालीस, "ते आपटणं बंद करा जी, पाखरं उडून जाऊन राहिली." मी काठी मांडीवर आडवी घेतली. तसे आपण दोन महिने बसलो. आपल्या लग्नात इतका वेळ आपण एका जागी कधी बसलो नव्हतो. मी तुझ्या हाताकडे पाहायचो. ब्रश कॅनव्हासला लागायच्या आधी हवेत थोडा थांबायचा. तो थांबला की माझा जीव वर यायचा, आणि रंग लागला की खाली.

एकदा मी विचारलं, "मागच्या वर्षीचं अन् या वर्षीचं जुळते का?"

"नाही जुळत," तू म्हणालीस. "दोन झाले. होऊ द्या दोन."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दार उघडं होतं. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि तुला चहा दिला.

दुसरी संधी दवाखान्यात आली. तू उशाला टेकून बसली होतीस, नळी नाकात. मी म्हटलं, "शालू, ते मागच्या वर्षी मी बगीच्याचं जे केलं..." तू मला थांबवलंस. "आधी मेघाले फोन करा. तिले सांगा मी जेवली म्हणून. अन् घरी ब्रश तसेच राहिले, ते धुऊन ठेवा, केस झडतात त्याचे." मी फोन करायला बाहेर गेलो. बाहेर व्हरांड्यात उभा राहून मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, घरी गेल्यावर बोलू. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. ब्रश मी धुतले आहेत. आधी रॉकेलनं, मग साबणानं, जसे तू धुवायचीस तसे.

आता जे झालं ते सांगतो. त्याच्यासाठीच लिहायला बसलो आहे, पण हात दुसरीकडेच जातो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शिखा दीदी आल्या. मेघानं चित्र बाहेर आणलं. दीदी चष्मा काढून जवळ जाऊन पाहत होत्या. मग मला म्हणाल्या, "भाई साहब, शालिनी उस बार बहुत टूट गई थी. वो नागपुर में थी और टाउनशिपवाले मशीन लेकर आ गए. पर उसने बताया था, आपने बहुत रोका उनको. आप गेट पर खड़े हो गए थे."

मेघा म्हणाली, "हां, मलाही आईनं हेच सांगितलं. पप्पा फाटकात उभे राहिले म्हणे, पण त्यांनी ऐकलं नाही."

माझ्या हातात चहा होता. मी तो प्यालो. दीदींना म्हणालो, "बिस्कुट लीजिए ना."

शालू, तू असं काहून सांगितलं?

तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी तुला फाटकात उभं केलं होतं, आणि तू मला त्या फाटकात उभं केलंस, उलट्या बाजूनं. मला लाज वाटू नये म्हणून का? का असा नवरा आहे हे लोकांना सांगायची तुलाच लाज वाटली? पहिलं वाटलं की डोळे भरायचे. दुसरं वाटलं की लोकांकडे पाहवायचं नाही. अंघोळ करताना पहिलं वाटायचं, भाजी घ्यायला गेलो की दुसरं. काल भाजीवालीला मी दोनदा विचारलं, माझं काही चुकलं का, आणि ती म्हणाली, काय बाबूजी, तुम्ही अजून काही घेतलंच नाही.

काल संध्याकाळी मेघा चित्र बांधायला बसली. तिला ते हैदराबादला न्यायचं आहे. जुन्या चादरी काढल्या होत्या, पुठ्ठा आणला होता. मग मोबाईलवर काहीतरी लिहायला लागली आणि मला वाचून दाखवलं. घरच्या ग्रुपवर चित्राचा फोटो टाकणार होती. लिहिलं होतं, हा आईचा बगीचा, लोकांनी कापला तरी तिनं पुन्हा काढला, आणि पप्पांनी तो वाचवायला केलेला प्रयत्न आम्ही विसरणार नाही.

"ते नको टाकू," मी म्हटलं.

"काहून? आवडलं नाही?"

"ते खरं नाही. बगीचा मी कापला."

तिला वाटलं मला भ्रम झाला. मी सगळं सांगितलं. साप, मजूर, मशीन, मधुमालती. सांगताना माझा आवाज मलाच प्लांटमधल्या रिपोर्टसारखा वाटत होता.

"मतलब आई झूठ बोली? सगळ्यांना?"

"हो."

"तुमच्यासाठी."

"मले नाही माहीत कोणासाठी."

"आणि तुम्ही तिला एकदा फोन करून विचारलं पण नाही?"

"ती दवाखान्याच्या धावपळीत होती. मजूर मिळून गेले, मी म्हटलं करून टाकू."

मेघा उठली. "पप्पा, मी आत्ता तुमच्याशी नाही बोलू शकत." दार उघडून बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं, ती नायर साहेबांच्या फाटकातून आत शिरली. चपला साध्या, पायघोळ ड्रेस, आणि उजेड कमी होत चाललेला. मी काठी उचलली. दारापर्यंत गेलो. आणि शालू, मी तिथंच थांबलो. तिला हाक मारली नाही. किती वेळ झाला ते ठाऊक नाही. पण हाक मारली नाही.

ती आली तेव्हा हातावर घाणेरीचे ओरखडे होते, पायाला चिखल. सरळ चित्राजवळ गेली, चादर बाजूला केली. "पप्पा, इकडे या. हे काय आहे?"

बाकाच्या बाजूला खाली, डाव्या हाताला, तांबूस करडा गोळा आहे. मी म्हटलं, "दगड आहे."

"मी आत्ता पाहून आले. तिथं दगड नाही. ते मधुमालतीचं कापलेलं खोड आहे. हे बघा, कुऱ्हाडीचं निशाण आहे याच्यावर. आणि हे कोंब."

मी चष्मा लावून वाकलो. खोडाची कापलेली बाजू तू पिवळसर पांढऱ्या रंगात काढली होतीस, तिरकी, जशी त्या मजुरानं तोडली होती तशी. वर तीन घाव. त्याच्या कडेनं चार कोंब, एकाची पानं अजून उघडलेली नाहीत. दोन महिने मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तू ते काढताना मी कुठं पाहत होतो? बहुतेक गवतात.

म्हणजे तोंडानं तू सगळ्यांना एक सांगितलंस आणि चित्रात दुसरं ठेवलंस. त्यात रागही नाही. कापलेल्या जागेवर तू सगळ्यात जास्त वेळ घालवला असशील, इतकं ते बारीक आहे. मला ते पाहून मोकळं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. वाटलं, तिनं लिहून ठेवलं आहे. मग पुन्हा वाटलं, लिहून ठेवलं म्हणूनच तिला पुढे जाता आलं. अजून दोन्ही वाटतं.

मेघानं जेवण वाढलं. ग्रुपवर तिनं फक्त फोटो टाकला, आणि खाली तुझं नाव.

आज सकाळी मी दीदींना फोन केला आणि सांगितलं, "दीदी, बगीचा मैंने कटवाया था. टाउनशिप का कोई नहीं आया था." त्या म्हणाल्या, "अच्छा. बता दिया, ठीक किया." आवाज थोडा थंड होता. तो असायलाच पाहिजे.

फोन ठेवला तर मेघा दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती जवळ येईल. ती तिथूनच म्हणाली, "पप्पा, एक विचारू? आई नागपूरला गेली नसती, तर कापला असता?"

मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला नका सांगू. आईला सांगा."

आणि पलंगावरच्या उशा नीट करून ती अंघोळीला गेली.

सांगतो.

शालू, मजूर अचानक मिळाले नव्हते. तुझ्या नागपूरच्या तिकिटाचं नक्की झालं त्याच दिवशी मी पावर हाउसच्या चौकात, जिथं मजूर उभे राहतात तिथं, जाऊन त्यांच्याशी बोलून आलो होतो. तू पिशवी भरत होतीस, माझ्यासाठी आठ दिवसांचं पीठ दळून ठेवत होतीस, आणि मला सगळं ठरलेलं माहीत होतं. तुला गाडीत बसवलं. खिडकीतून तू म्हणालीस, "चित्रावर ऊन नका येऊ देऊ." मी हो म्हटलं. गाडी हलली, आणि मी स्टेशनच्या जिन्यावरून सरळ चौकात उतरलो. ते दोघं माझी वाट पाहत उभे होते. तू पुढच्या दुर्ग स्टेशनालाही पोचली नसशील.

तुला विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस. ते मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. सापाची भीती खरी होती. पण सापापेक्षा मी तुला जास्त भ्यायलो होतो, तू तिथं माझ्यावाचून इतकी सुखात बसायचीस म्हणून.

चुकलं माझं, शालू.